टाकीत डिझेल आहे, तरी इंजिन सुरू का होत नाही? – बोटीच्या इंजिनातली हवा कशी काढतात



मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. आमची शाळा रत्नागिरी जिल्ह्यात, अगदी किनाऱ्यावरच्या गावात आहे. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या घरचं कोणी ना कोणी बोटीवर आहे. कुणाचे वडील तांडेल, कुणाचा काका खलाशी, तर कुणाचा मामा इंजिन सांभाळतो. त्यामुळे आमच्याकडे 'परिसर अभ्यास' पुस्तकात कमी आणि जेटीवर जास्त असतो.

पावसाळ्यातली मासेमारी बंदी उठली आणि बोटी पुन्हा समुद्रात जायला लागल्या, तेव्हाची गोष्ट. चौथीतला एक मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, पण गप्प गप्प. मधल्या सुट्टीत मी विचारलं, तर म्हणाला, "बाई, परवा रात्री पप्पांची बोट बंद पडली. खडपाजवळ."

"डिझेल संपलं होतं का?"

"नाय बाई. टाकीत डिझेल होता. स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरली. मग दुसऱ्या बोटीनं ओढून आणलान. इंजिनानं एअर घेतलीन म्हणतात."

थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग त्याने जो प्रश्न विचारला, त्यासाठी हा सगळा लेख लिहिते आहे. तो म्हणाला, "बाई, इंजिनाला तर हवा लागतेच ना? मग हवेनं इंजिन बंद कसं पडतं?"

खरं सांगते, मला लगेच उत्तर देता आलं नाही. "उद्या सांगते," म्हणाले. 'एअर घेतली' हे शब्द मात्र मी लहानपणापासून ऐकलेले होते. माझं माहेर घाटावरचं. आमच्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन होतं. ते कधी कधी हँडल मारून मारून दमवायचं. मग अण्णा पाना घेऊन एक नट ढिला करायचे, फेसाळ डिझेल बाहेर आलं की नट आवळायचे आणि इंजिन 'टुक टुक' करत सुरू व्हायचं. ते असं का करतात, हे मी तेव्हा कधी विचारलं नव्हतं. त्या रात्री फोन करून विचारलं. नंतर जेटीवर जाऊन एका जुन्या मेस्त्रींकडून बोटीचं इंजिनही समजून घेतलं. ते सगळं तुमच्यासाठी सोप्या भाषेत मांडते आहे.

१) डिझेल इंजिन पेट कसं घेतं?

पेट्रोलच्या गाडीत स्पार्क प्लग असतो. तो ठिणगी टाकतो आणि पेट्रोल पेटतं. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतोच. मग डिझेल पेटतं कसं?

सायकलमध्ये पंपाने हवा भरताना पंपाचं तोंड गरम लागतं, हे तुम्ही अनुभवलं असेल. हवा दाबली की तापते. डिझेल इंजिनात पिस्टन हवेला इतकं दाबतो की ती मूळ जागेच्या सोळाव्या ते बाविसाव्या भागात कोंबली जाते. त्यामुळे तिचं तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जातं. नेमक्या त्या क्षणी नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा आत येतो आणि ठिणगीशिवायच पेटतो.

म्हणजे मुलाचं म्हणणं बरोबरच होतं. इंजिनाला हवा लागते. पण ती हवा सिलिंडरमध्ये हवी, डिझेलच्या नळीत नको. दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत. हवेचा रस्ता एअर क्लीनरमधून जातो आणि डिझेलचा टाकी, फिल्टर, पंप यांतून. हवा चुकून डिझेलच्या रस्त्यात घुसली की गडबड होते.

यात एक गंमत आहे. रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन १८९७ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात यशस्वी झालं. त्या सुरुवातीच्या इंजिनात तेल आत ढकलायला दाबलेली हवाच वापरत. पुढे फक्त पंपाच्या जोरावर डिझेल फवारण्याची पद्धत आली. १९२७ साली बॉश कंपनीने असे पंप मोठ्या संख्येने बनवायला सुरुवात केली आणि डिझेल इंजिन लहान, सुटसुटीत होत गेलं. एके काळी जी हवा डिझेलला आत पोचवत होती, तीच आता नळीत शिरली तर इंजिन बंद पाडते!

२) नळीत हवा शिरली की काय होतं? (करून पाहा)

सुई काढलेली एक सिरिंज घ्या.

प्रयोग अ : सिरिंजमध्ये काठोकाठ पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका. तोंडावर बोट घट्ट दाबा आणि दट्ट्या ढकला. तो हलत नाही. बोटावर मात्र जोराचा दाब जाणवतो.

प्रयोग आ : आता सिरिंजमध्ये नुसती हवा घ्या. तोंडावर बोट ठेवून दट्ट्या ढकला. तो अर्ध्यापर्यंत आरामात आत जातो आणि सोडला की परत मागे येतो, अगदी स्प्रिंगसारखा.

इंजिनाच्या पंपात हेच घडतं. इंजेक्शन पंपात बोटाएवढा दट्ट्या असतो, त्याला प्लंजर म्हणतात. तो एका फटक्यात जेमतेम थेंबभर डिझेल ढकलतो. नोझलच्या आत एक मजबूत स्प्रिंग असते. जुन्या पद्धतीच्या इंजिनात नळीतला दाब वातावरणाच्या साधारण दीडशे ते अडीचशे पट झाला, तरच ती स्प्रिंग उचलली जाते आणि फवारा उडतो.

नळीत डिझेल भरलेलं असेल तर प्लंजर हलला की दाब लगेच चढतो, कारण डिझेल जवळजवळ दबतच नाही. पण मध्ये हवेचा बुडबुडा असेल तर प्लंजरचा सगळा जोर त्या बुडबुड्याला दाबण्यात जातो. बुडबुडा आकसतो, प्लंजर मागे आला की पुन्हा फुगतो. नोझल उघडतच नाही. स्टार्टर फिरतो, इंजिन 'घर्र घर्र' करतं, पण सिलिंडरमध्ये डिझेलचा थेंबही पोचत नाही.

मेस्त्रींनी इथे एक खूण सांगितली, ती लक्षात ठेवा. स्टार्टर मारताना एक्झॉस्टमधून धूरच आला नाही, तर समजायचं की डिझेल पोचतच नाहीये. पांढरा धूर आला, तर डिझेल पोचतंय, पण पेटत नाहीये. म्हणजे दुखणं वेगळं आहे.

३) डिझेलचा प्रवास

हवा काढायची तर रस्ता पाठ हवा. साध्या बोटीवर तो असा असतो :

- डिझेलची टाकी आणि तिचा कॉक
- पहिला फिल्टर – बऱ्याचदा याला खाली काचेचा किंवा पारदर्शक पेला असतो, त्यात पाणी वेगळं होऊन साठतं
- फीड पंप – टाकीतून डिझेल ओढणारा. यालाच हातपंप जोडलेला असतो
- दुसरा फिल्टर – इंजिनावर बसवलेला, बारीक गाळणारा
- इंजेक्शन पंप – प्रचंड दाब तयार करणारा
- जाड भिंतीच्या लोखंडी नळ्या, प्रत्येक सिलिंडरला एक
- नोझल
- उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणारी नळी

आपल्याला टाकीकडून नोझलकडे, एकेक टप्पा करत हवा पुढे ढकलून बाहेर काढायची आहे. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी नोझल मोकळा केला आणि मागे फिल्टरमध्ये हवा राहिली, तर ती पुन्हा पुढे येणारच.

४) हवा शिरते कुठून?

पहिलं कारण, टाकीतलं डिझेल कमी झालं की. 'टाकीत डिझेल होता' हे खरं असू शकतं, तरीही! बोट लाटांवर डोलते, तसं टाकीतलं डिझेल एका बाजूला जातं. त्या क्षणी ओढणाऱ्या नळीचं तोंड उघडं पडलं की एक घोट हवेचा जातो. तेवढा पुरतो.

दुसरं कारण, फिल्टर बदलल्यावर. नवा फिल्टर रिकामा असतो, म्हणजे हवेनेच भरलेला असतो.

तिसरं कारण सगळ्यात फसवं आहे. त्यासाठी अजून एक प्रयोग करा. एका स्ट्रॉला पाण्याच्या वर येईल अशा ठिकाणी टाचणीने भोक पाडा आणि पाणी ओढा. तोंडात पाण्याबरोबर हवा येते. पण त्या भोकातून पाण्याचा थेंबही बाहेर गळत नाही!

टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी अशीच असते. तिथे डिझेल ढकललं जात नाही, ओढलं जातं. त्यामुळे क्लिप सैल असली, रबरी नळीला चीर असली किंवा फिल्टरचं वायसर खराब असलं, तर इंजिन चालू असताना बाहेर डिझेल दिसत नाही. आत मात्र हवा जात राहते. याउलट फीड पंपाच्या पुढे गळती असेल तर डिझेल बाहेर ठिबकतं आणि लगेच दिसतं. म्हणून मेस्त्री लोक म्हणतात, "ओलं दिसतं ते सोपं, कोरडं असतं ते अवघड."

अशा वेळी इंजिन आधी 'वर-खाली' करतं. म्हणजे रेस आपोआप वाढते, कमी होते, पुन्हा वाढते आणि मग बंद पडतं. ही हवा शिरल्याची नेहमीची खूण. आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांच्या बोटीनेही बंद पडण्याआधी दहा मिनिटं असंच केलं होतं. पण ज्याला इंजिनाचा हा आवाज कळतो, तो गडी त्या दिवशी सुट्टीवर होता.

५) समुद्रात इंजिन बंद पडलं तर आधी काय?

इंजिनाकडे धावायचं नाही! आधी बोट सांभाळायची. वारा आणि पाण्याची ओढ आपल्याला कुठे नेते आहे ते बघायचं. जवळ खडप असेल आणि पाणी नांगर पोचेल एवढं असेल, तर पहिल्यांदा नांगर टाकायचा. सगळ्यांनी लाईफ जॅकेट घालायचं. धोका वाटला तर वाट न बघता व्हीएचएफच्या १६ नंबर चॅनेलवर बोलायचं. भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ हा मोफत नंबरही फोनमध्ये असायलाच हवा.

मग इंजिनाकडे जायचं. पाना हातात घेण्याआधी तीन गोष्टी बघायच्या. टाकीत पुरेसं डिझेल आहे का? कॉक उघडा आहे का? आणि स्टॉपची केबल ओढलेलीच राहिली नाही ना? या तीन साध्या गोष्टी न बघता अर्धा तास घाम गाळणारे खूप असतात, असं मेस्त्री हसत म्हणाले.

६) हवा काढण्याच्या पायऱ्या

(हे जुन्या पद्धतीच्या, इंजेक्शन पंप असलेल्या इंजिनासाठी आहे. प्रत्येक इंजिनाचे स्क्रू वेगळ्या जागी असतात, म्हणून आपल्या इंजिनाचं पुस्तक बघून जागा आधीच ओळखून ठेवा. इंजिन गरम असेल तर जपून. आणि आसपास विडी, काडी अजिबात नको.)

पायरी १ – तयारी. नेमक्या मापाचे पाने, स्वच्छ फडकं आणि खाली धरायला डबा घ्या. स्क्रूच्या आजूबाजूची जागा पुसून घ्या, नाहीतर घाण आत जाईल.

पायरी २ – पाणी काढा. पहिल्या फिल्टरच्या पेल्यात खाली पाणी दिसतंय का बघा. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसतं. खालचा स्क्रू उघडून ते डब्यात काढा. फिल्टर तुंबलेला असेल तर आत्ताच बदला.

पायरी ३ – पहिला फिल्टर भरा. टाकी फिल्टरपेक्षा उंच असेल तर फिल्टरच्या वरचा स्क्रू ढिला केला की डिझेल आपोआप येतं आणि हवा निघून जाते. (या पायरीबद्दल पुढे एक महत्त्वाची दुरुस्ती आहे, ती जरूर वाचा.)

पायरी ४ – दुसरा फिल्टर. त्याच्या डोक्यावरचा हवा काढायचा स्क्रू एक-दोन फेरे ढिला करा, पूर्ण काढू नका. बोट हलत असताना तो खाली पाण्यात पडला तर शोधणार कुठे? आता हातपंप मारा. दाबून खाली-वर करायचा हातपंप असेल तर त्याची मूठ आधी फिरवून मोकळी करावी लागते. खटका असलेला पंप असेल आणि तो ढिला, जोर न लागता हलत असेल, तर इंजिन एक फेरा फिरवून घ्या. आतला कॅम अडल्यामुळे असं होतं.

सुरुवातीला स्क्रूपाशी फेस येईल, मग बुडबुडेवालं डिझेल, मग एकसारखी स्वच्छ धार. धार चालू असतानाच, पंप मारता मारता स्क्रू आवळा. आधी पंप थांबवून मग आवळला, तर हवा पुन्हा आत जाते.

पायरी ५ – इंजेक्शन पंप. पंपावरचा हवा काढायचा स्क्रू ढिला करून हेच पुन्हा करा. फेस, बुडबुडे, स्वच्छ धार, आवळा. मग हातपंपाची मूठ परत घट्ट बसवा. बऱ्याच वेळा एवढ्यावर इंजिन सुरू होतं. आधी स्टार्टर मारून बघा.

पायरी ६ – नोझलच्या नळ्या. तरी सुरू झालं नाही, तर जाड नळीचा नट नोझलच्या टोकाला अर्धा ते एक फेरा ढिला करा. त्यावर फडकं ठेवा, हात आणि तोंड लांब ठेवा. रेस पूर्ण द्या, स्टॉप केबल आत आहे ना ते पुन्हा बघा आणि स्टार्टर मारा. नटापाशी आधी फेस आणि मग थेंब थेंब उडताना दिसेल. तसं दिसलं की स्टार्टर थांबवून नट आवळा. एकेका सिलिंडरचं असं करत जा. एक-दोन सिलिंडर मोकळे झाले की इंजिन धडधडत पेट घेतं.

पायरी ७ – सुरू झाल्यावर. रेस लगेच कमी करून दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालू द्या. सगळे स्क्रू, नट कोरडे पुसा आणि कुठे ओल येते का बघा. आवाज एकसारखा राहिला, तरच नांगर उचला. इंजिन सुरू झाल्याच्या आनंदात आधी नांगर उचलायचा नाही!

७) या चार चुका करू नका

पहिली : स्टार्टर धरून ठेवणं. एका वेळी दहा-पंधरा सेकंदच मारा, मग अर्धा-एक मिनिट थांबा. सतत मारला तर स्टार्टर तापतो आणि बॅटरी उतरते. आणि बॅटरी गेली की दिवे आणि रेडिओही जातात. त्या रात्री नेमकं हेच झालं होतं. हवा काढायच्या आधीच बॅटरी संपली होती.

दुसरी : समुद्राचं पाणी विसरणं. ही चूक फक्त बोटीच्या इंजिनात होते, माझ्या अण्णांनाही ती माहीत नव्हती. काही बोटींमध्ये इंजिन थंड करून आलेलं खारं पाणी एक्झॉस्टमध्ये सोडलेलं असतं आणि धूर त्याला बाहेर ढकलतो. स्टार्टर मारत राहिलो तर पाणी येत राहतं, पण इंजिन पेटलेलं नसल्याने ढकलणारा धूर नसतो. पाणी सायलेन्सरमध्ये साठतं आणि उलटं सिलिंडरमध्ये शिरू शकतं. मग साध्या हवेच्या दुखण्याचं रूपांतर इंजिन खोलण्यात होतं. म्हणून पुष्कळ वेळ स्टार्टर मारायचा असेल तर समुद्राच्या पाण्याचा कॉक तेवढ्यापुरता बंद करा, सायलेन्सरचं पाणी काढा आणि इंजिन पेटताक्षणी कॉक उघडा. विसरू नये म्हणून एक माणूस कॉकपाशीच बसवा.

तिसरी : गळती बोटाने तपासणं. नोझलच्या नळीतून निघणारी बारीक धार सुईसारखी कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसते, सुरुवातीला फार दुखतही नाही, पण आत गेलेलं डिझेल हात खराब करू शकतं. असं झालं तर 'बघू उद्या' म्हणायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. गळती बघायची तर पुठ्ठ्याचा तुकडा धरा आणि डोळ्यांना चष्मा लावा.

चौथी : नव्या इंजिनाला जुना उपाय. आता कॉमन रेल प्रकारची इंजिनंही आली आहेत. त्यांच्या नळ्यांमध्ये दाब वातावरणाच्या हजार पटींहून जास्त असतो. त्यांचे जाड नळ्यांचे नट कधीही ढिले करू नका. तिथे फक्त हातपंपाने किंवा विजेच्या पंपाने, पुस्तकात दिलं आहे तसंच करायचं.

८) माझी चूक आणि तिची दुरुस्ती

वर्गात मी हे सगळं फळ्यावर चित्र काढून शिकवलं. मुलांनी सिरिंजचे आणि स्ट्रॉचे प्रयोग केले. त्या मुलाने सगळ्या पायऱ्या वहीत उतरवून घेतल्या आणि घरी नेऊन वडिलांना वाचून दाखवल्या.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शाळेच्या दारात उभे! मला वाटलं, काहीतरी तक्रार आहे. ते म्हणाले, "बाई, बाकी सगळं बरोबर आहे. पण तुमची तिसरी पायरी आमच्या बोटीवर उलटी पडेल."

मी त्यांना आत बोलावलं. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर बोट काढली. त्यांच्या बोटीत टाकी फिल्टरपेक्षा खाली आहे. डिझेल स्वतःहून वर चढत नाही, फीड पंप ते ओढून घेतो. अशा वेळी पहिल्या फिल्टरचा वरचा स्क्रू उघडा ठेवून हातपंप मारला, तर पंप डिझेलऐवजी त्या स्क्रूमधूनच हवा ओढतो. दिवसभर मारला तरी हवाच! तिथे पहिला फिल्टर स्वच्छ डिझेलने भरून, झाकण घट्ट लावून, मगच हातपंप मारायचा आणि हवा पुढच्या, दुसऱ्या फिल्टरच्या स्क्रूमधून काढायची.

विचार केला तर हा आमच्या स्ट्रॉचाच प्रयोग होता. ओढणाऱ्या बाजूला भोक असेल तर हवा आत येणारच. मी मुलांना नियम शिकवला होता, पण स्वतःच्या पायरीला लावायला विसरले होते. मी पुढे विचारलं, "मग दुसरा फिल्टरही तसाच ओतून भरला तर?" ते म्हणाले, "तो नाही. त्याच्यापुढे गाळायला काहीच नसतं. डब्यातली घाण थेट पंपात जाईल." तेही बरोबरच.

तर मित्रांनो, पायरी ३ मध्ये हे जोडून घ्या : टाकी वर असेल तर स्क्रू उघडा, टाकी खाली असेल तर फिल्टर भरून झाकण बंद करा.

९) पुन्हा हवा शिरू नये म्हणून

- बंदीच्या काळात टाकी शक्य तेवढी भरून ठेवावी. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होऊन टाकीत साठतं. डिझेल आणि पाणी जिथे भेटतं तिथे सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांचा काळा चिकट गाळ फिल्टर तुंबवतो.
- पहिल्या फेरीला निघण्याआधी पेल्यातलं पाणी काढावं. फिल्टर बदलला असेल तर जेटीवरच इंजिन अर्धा तास चालवून बघावं.
- बोटीवर एक डबा कायम ठेवावा. त्यात दोन्ही फिल्टर, तांब्याची वायसरं, क्लिपा, नळीचा तुकडा, नेमके पाने आणि बॅटरीचा टॉर्च असावा.
- हवा काढायच्या स्क्रूंना रंगाचा ठिपका द्यावा, म्हणजे अंधारात शोधावे लागत नाहीत.
- काढलेलं डिझेल आणि तेलकट पाणी समुद्रात ओतू नये. मासळी त्याच पाण्यात वाढते.
- आणि सर्वात महत्त्वाचं, हे काम बोटीवर किमान दोघांना यायला हवं. ते एकदा तरी जेटीवर, दिवसाउजेडी करून बघितलेलं असावं.

थोडक्यात

डिझेल दबत नाही, हवा दबते. म्हणून नळीतला बुडबुडा नोझल उघडू देत नाही. हवा टाकीकडून नोझलकडे, टप्प्याटप्प्याने काढायची. धार चालू असताना स्क्रू आवळायचा. आणि आधी नांगर, मग इंजिन.

स्वाध्याय

१. डिझेल इंजिनात ठिणगीशिवाय डिझेल कसं पेटतं?
२. फीड पंपाच्या अलीकडची गळती बाहेरून का दिसत नाही? स्ट्रॉच्या प्रयोगावरून सांगा.
३. स्टार्टर मारताना धूर येत नाही. यावरून काय कळतं?
४. टाकी खाली असलेल्या बोटीवर पहिल्या फिल्टरचा स्क्रू उघडून हातपंप मारला तर काय होईल?
५. उपक्रम : तुमच्या परिसरातली बोट, ट्रॅक्टर किंवा शेतातलं इंजिन मोठ्या माणसांबरोबर बघा आणि डिझेलच्या प्रवासाची आकृती काढा. (स्वतः कुठलाही नट ढिला करू नका.)

त्या मुलाच्या वहीतलं ते पान, वडिलांच्या दुरुस्तीसकट, आता प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांच्या बोटीच्या केबिनमध्ये लावलं आहे. त्याने मला ते जेटीवर नेऊन दाखवलं. पानावर एक शुद्धलेखनाची चूक आहे. ती मी तशीच राहू दिली.

तुमच्या भागात हवा काढण्याची काही वेगळी पद्धत असेल तर नक्की कळवा. माझ्या मुलांना ती शिकवायला आवडेल. लेख आवडला तर बोटीवर, शेतावर काम करणाऱ्या आपल्या माणसांपर्यंत पोचवा.